तिसरा गिअर राखून ठेवला आहे

२ फेब्रुवारी, रविवार

मोटरसायकल घरी आली. टेम्पोतून. चालवत आणता आली असती, पण उगाच टायर कशाला झिजवायचे? टेम्पोवाल्याने विचारलं, बंद आहे का? म्हटलं, चालू आहे. मग तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. लोकांना मशिनरीची कदर नाही.

सासऱ्यांची गाडी. हिच्या जन्माच्याही आधीची. गोल दिवा, सरळ हँडल, सपाट लांब सीट, अंगावर कुठे प्लास्टिकचा नखरा नाही. सासऱ्यांना काचबिंदू झालाय. बाजूचं दिसेनासं होत चाललंय, म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. मेव्हणा म्हणाला, भंगारात द्या. सासरे सीटवरून हात फिरवत बसले. तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, मी सांभाळतो. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. त्यात हीसुद्धा.

परत येताना हिने विचारलं की मला मोटरसायकल चालवता येते हे इतक्या वर्षांत तिला कसं कळलं नाही. लायसन दाखवलं. त्याची परीक्षा आत्याच्या बिनगिअरच्या स्कूटरवर दिली होती, पण लायसन ते लायसन. शिवाय कॉलेजात मित्राच्या मागे बसून भरपूर निरीक्षण केलंय. शिवाय मी पंपाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे हे झोपेतही सांगेन. तो बोल्ट कुठे बसवतात ते बघणारं डिपार्टमेंट वेगळं.

सासऱ्यांची एकच इच्छा. गावाबाहेरच्या तलावावर ते दर रविवारी या गाडीवरून जायचे. मार्च अखेरीला डोळ्याचं ऑपरेशन आहे. गेलेली नजर त्याने परत येणार नाही, आहे ती टिकली तर टिकेल. म्हणून त्याआधी, दिसतंय तोवर, एकदा मागे बसून तलावावर जायचंय. म्हटलं, त्यात काय, येत्या रविवारी.

संकल्प: गाडी रोज पुसणे. रोज चालवणे. बस कायमची बंद.

गाडीचं नाव वाघीण ठेवलं. ही म्हणाली की तिने खाली पार्किंगमध्ये 'बाबांची गाडी' असं सांगून ठेवलंय.

३ फेब्रुवारी, सकाळ

सुरू होत नाही. किती किका मारल्या ते मोजणं बंद केलं. मोजण्यातच दम जातो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

एका किकेने उलटा फटका दिला. नडगी टम्म. ही फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे घरात बर्फाची पिशवी कायम तयार असते. बर्फ धरून विचारत होती की बूट घातले होते का. नव्हते. स्लिपरमध्ये पाय मोकळा राहतो.

ऑफिसला बसने गेलो. हेल्मेट मात्र बरोबर नेलं आणि टेबलावर दर्शनी भागात ठेवलं. अकाउंट्सवाल्याने विचारलं, नवी गाडी का? म्हटलं, नवी काय, कुणीही घेतं. तो स्वतः नवी घेऊन फिरतो, त्यामुळे गप्प बसला. परतीच्या बसमध्ये कंडक्टर हेल्मेटकडे बघून म्हणाला की आमच्या ड्रायव्हरवर एवढाही अविश्वास दाखवू नका. सगळी बस हसली. उत्तर सुचलं, पण तोवर स्टॉप आला होता.

५ फेब्रुवारी

सुरू झाली. पहिल्या किकेत नाही, पण पहिल्या आठवड्यात.

पहिल्या गिअरमध्ये गल्ली, दुसऱ्यात मोठा रस्ता. तिसरा राखून ठेवला आहे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानापाशी आपोआप बंद पडली. ढकलत परत आणली.

हिने एक मुद्दा काढला. लहानपणी बाबा तिला पुढे टाकीवर बसवायचे, आणि गाडी सुरू करण्याआधी टाकीखालचा छोटा दांडा खाली फिरवायचं काम तिचं असायचं. मी समजावून सांगितलं. त्या दांड्याला कॉक म्हणतात. पेट्रोल चालू किंवा बंद करायचं ते बटण. त्यावरची अक्षरं झिजली आहेत, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. दांडा खाली म्हणजे मान खाली, म्हणजे झोप. तेव्हा पेट्रोल बंद. दांडा आडवा म्हणजे हात पुढे, चला. तेव्हा पेट्रोल चालू. म्हणून मी रात्री दांडा खाली ठेवतो आणि सकाळी निघताना न चुकता आडवा करतो. लहान मुलांनी गप्प बसावं म्हणून मोठी माणसं अशी काहीतरी कामं देतात, तिच्या आठवणीत उलटसुलट झालं असणार. ती 'बरं' म्हणाली आणि आत गेली.

७ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्यापाशी बंद.

८ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्यापाशी बंद. त्या जागेतच काहीतरी आहे. वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. अभ्यास करायला हवा.

९ फेब्रुवारी, रविवार

तलाव पुढे ढकलला. सासऱ्यांना फोन करून सांगितलं की टायरमधली हवा मनासारखी नाही. ते म्हणाले, काही घाई नाही जावईबापू, ती जरा हट्टी आहे, तुमचा हात बसू द्या. फार समजूतदार माणूस. मेव्हणा कुणावर गेलाय कोण जाणे.

११ फेब्रुवारी

मेकॅनिककडे नेली. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे तिथवर व्यवस्थित पोहोचली. त्याने आधी विचारलं, ही त्या काकांची गाडी ना? माझी आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्याने टाकीखाली हात घालून काहीतरी केलं, एक किक मारली, चौकाला वळसा घालून आला आणि म्हणाला, काही नाही झालेलं. वरवर बघणारे लोक. आग्रह करून प्लग बदलायला लावला.

गाडी ताब्यात घेतली तर दांडा खाली. बंद कॉकवर हा बहाद्दर अख्खा चौक फिरून आला होता. नशीब एकेकाचं. तिथल्या तिथे आडवा केला. घरापर्यंत झकास आली. म्हणजे प्लगच होता.

१२ फेब्रुवारी

प्लग नव्हता. इस्त्रीवाल्यापाशी बंद.

१४ फेब्रुवारी

पेट्रोलमध्ये भेसळ असावी. दुसऱ्या पंपावरून आणलं, डब्यातून, बसने. कंडक्टरने उतरवलं. चालत आलो. नवं पेट्रोल घातलं. इस्त्रीवाल्यापाशी बंद. त्याने आता माझ्यासाठी एक स्टूल बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली आहे. मला पाणी देतो आणि सकाळी आठाला येणार का म्हणून विचारतो. ओळखी होतात, हा गाडी बाळगण्याचा एक फायदा.

१६ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांचा फोन आला. काल टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, एकदम मक्खन चालते, असं सांगितलं. खोटं म्हणता येणार नाही, मनाने जाऊन आलोच होतो. ते खूश झाले. चढावर ओढते ना, विचारलं. म्हटलं, जबरदस्त. कुठल्या चढावर गेलात, म्हणाले. म्हटलं, तोच तो. ते म्हणाले, अच्छा तो. मग आज येता का? म्हटलं, आज ऑफिसचं काम निघालंय. ते म्हणाले की रविवारीसुद्धा राबवून घेतात बिचाऱ्यांना, आणि जेवणखाण वेळेवर करा.

फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती. नवऱ्याच्या फोनच्या वेळी बायकांनी दारात उभं राहू नये.

१९ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या मॅडम भेटल्या. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या आहेत, आवाज झालेला नाही. तक्रारी तीन: सकाळचा धूर, पार्किंगमध्ये रात्रभर येणारा पेट्रोलचा वास, आणि किक मारताना माझ्या तोंडून निघणारे शब्द. शब्दांबद्दल माफी मागितली. वासाचं समजत नाही. रात्री तर मी कॉक खाली करतो.

ऑफिसात अकाउंट्सवाला आणि मंडळी शनिवारी घाटात फिरायला चालली आहेत. मला विचारलं. म्हटलं, तुमच्या नव्या गाड्यांबरोबर माझी नेणं बरं दिसणार नाही, तुम्हाला वाईट वाटेल. त्यांना पटलं असावं, कारण पुन्हा विचारलं नाही.

संकल्प: कार्बोरेटर स्वतः खोलणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कार्बोरेटर खोलला. डायनिंग टेबलवर पेपर अंथरून, पद्धतशीर. सुटा झालेला प्रत्येक भाग ओळीत मांडला. स्टोअर्सचा माणूस असल्यामुळे मांडणी फार सुंदर झाली, फोटोही काढला. एक स्प्रिंग उडून गॅलरीतून खाली मॅडमच्या कुंडीत गेली. त्या घरी नसल्यामुळे आणता आली नाही. बाकीचं जोडायला घेतलं. जोडताना एक स्क्रू उरला. कंपन्या एखादा जास्तीचा देतात, आमच्याकडेही देतात. पण एकंदरीत ते पूर्वीसारखं दिसेना. पूर्वी ते एकच होतं, आता दोन झालेत.

ही दवाखान्यातून आली आणि ओट्यापाशी उभ्याने जेवली, कारण टेबलावर वाघीण होती. मला वाटलं आता टेबलाबद्दल बोलणार. टेबलाबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, बाबांनी आज फोन केला होता. तिला विचारत होते, मला न्यायचं जावईबापूंच्या जिवावर आलंय का? तसं असेल तर त्यांना सांग, मी विसरलो म्हणून.

मी म्हणालो, हा त्यांचा गैरसमज आहे. ती म्हणाली, मग तो तूच दूर कर, मी मधे पडणार नाही. आणि आत जाऊन झोपली. दिवे लागायच्या वेळेला.

गैरसमज तातडीने दूर केला पाहिजे.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन बंद ठेवला. नेटवर्कचा काही भरवसा नसतो.

२६ फेब्रुवारी

कार्बोरेटर पिशवीतून मेकॅनिककडे नेला. स्प्रिंग मॅडमनी दिली, एका कागदात गुंडाळून, वर तारीख घालून. मेकॅनिकने पिशवी उपडी केली आणि एकेक भाग मोजून बघितला. मग विचारलं, साहेब, तुम्ही ही खरंच रोज चालवता? म्हटलं, रोज. कुठपर्यंत? म्हटलं, इस्त्रीवाल्यापर्यंत.

दोन दिवसांनी बोलावलंय.

२८ फेब्रुवारी

गाडी मिळाली. परत दांडा खालीच ठेवलेला. या वेळी त्याला चांगलं सुनावणार होतो, पण गिऱ्हाइकं होती. आपणच आपलं आडवा केला आणि आलो. माणसाने किती जणांना सुधारायचं?

१ मार्च

इस्त्रीवाल्यापाशी बंद. लाथ घातली. गाडीला काही झालं नाही. मला अंगठ्याला झालं.

२ मार्च, रविवार

आजचा प्रकार सविस्तर लिहायला हवा.

सकाळी सराव म्हणून निघालो. नेहमीच्या जागी गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मान खाली घालून ढकलत दुकानापर्यंत आणली, स्टूलकडे वळलो, तर स्टूलवर कुणीतरी बसलेलं. सासरे. बसमधून उतरले होते. स्टॉप समोरच आहे. ऊन होतं म्हणून इस्त्रीवाल्याने त्यांना बसवून घेतलं होतं, आणि दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. कशाबद्दल ते कळलं नाही. इस्त्रीवाला एकाएकी शर्टाच्या कॉलरकडे फार बारकाईने बघायला लागला.

मी म्हणालो, अरे वा, अचानक? ते म्हणाले, तुमचा फोन लागत नव्हता, म्हटलं प्रकृती बघून यावं. मग उठून गाडीपाशी आले. त्यांना समोरचं दिसतं, पण कडेचं नाही, त्यामुळे मान वळवून वळवून बघत होते. बघून झाल्यावर डोळे मिटल्यासारखे केले, डावा हात टाकीखाली घातला आणि दांडा खाली वळवला. न बघता. मी सांगणारच होतो की काका, तो बंद होतोय. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आम्ही दोघं तसेच जरा उभे राहिलो. आतून काहीतरी झिरपल्याचा बारीक आवाज आला. मग म्हणाले, मारा.

मारली. सुरू झाली. एका किकेत.

माझं तेच करायचं चाललं होतं, एवढ्यात हे भेटले.

घरापर्यंत मी गाडीवर आणि ते चालत आले, कारण मागे कुणाला घेऊन चालवायचा सराव अजून नाही, असं मी म्हणालो. घरी हिने दार उघडलं आणि आधी बाबांकडे, मग माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघितलं. विचारलं, काय झालं होतं गाडीला? मी घसा साफ केला. सासरेच बोलले. म्हणाले, काही नाही गं, पेट्रोलच्या नळीत थोडा कचरा अडकला होता. कुणाच्याही लक्षात आला नसता.

म्हणजे कचराच होता. सासऱ्यांचा अनुभव दांडगा.

ही स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत होती. का ते विचारलं नाही.

४ मार्च

आजपासून कॉक खालीच. खाली ठेवल्याने कचरा धरत नाही, असा माझा निष्कर्ष. इस्त्रीवाल्याला ओलांडून गेलो. त्याने हात केला. मलाही करायचा होता, पण दोन्ही हात गुंतलेले होते.

प्रथमच ऑफिसला गाडीवर. सिग्नलला बंद पडली. पुढच्या सिग्नलला बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवतात. संयम म्हणून राहिलेला नाही समाजात.

५ मार्च

कारखान्याच्या गेटसमोर चढ आहे. तिथे गाडी थांबवून वॉचमनला हात केला, आणि गाडी हळूहळू मागे जायला लागली. मी ब्रेक दाबला, पण तो क्लच निघाला. वॉचमनची खुर्ची मोडली. वॉचमन तिच्यावर नव्हता, ही त्याची हुशारी. चढ चुकीच्या कोनात बांधलाय. साहेबांना लेखी कळवावं का?

७ मार्च

क्लच खराब आहे, असं मेकॅनिकला सांगितलं. त्याने चालवून बघितली. म्हणाला, लोणी आहे. मग तुम्ही चालवून दाखवा म्हणाला. दाखवली. परत येऊन उतरलो तेव्हा तो आत गेला होता. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला की साहेब, या गाडीवर माझा काही इलाज चालत नाही. इतकी साधी गाडी, आणि शेवटी मेकॅनिकनेही हात टेकले.

तिसरा गिअर अजून राखून ठेवला आहे. आवश्यकता भासलेली नाही.

८ मार्च

सासऱ्यांना स्वतःहून फोन केला. उद्या तलाव. नक्की. कारण वगैरे काही नाही. पलीकडे काही ऐकू येईना, म्हणून दोनदा हॅलो म्हणालो. ते म्हणाले, ऐकतोय, ऐकतोय. किती वाजता तयार राहू?

९ मार्च, रविवार, संध्याकाळ

जाऊन आलो. गाडी एकदाही दगा न देता गेली आणि आली. हे आधी लिहून ठेवतो, कारण मुद्दा तो आहे.

सासरे फाटकापाशीच उभे होते. अंगात जुनं जाकीट, दाढी गुळगुळीत, बूट चमकवलेले. गाडीला एक फेरी मारून टाकीवर दोन थापा मारल्या. मग माझ्या खांद्यांवर हात ठेवून मागे बसले. म्हणाले, इतक्या वर्षांत या सीटवर मागे कधी बसलोच नव्हतो.

निघताना जरा झटका बसला. त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. पुढे प्रत्येक गिअरला थोडं थोडं आपटत राहिलं. मी माफी मागत होतो आणि ते प्रत्येक वेळी 'चालतंय' म्हणत होते. बाजारापाशी भाजीची गाडी आडवी आली. आली म्हणजे उभी होती. नाक्यावर वळताना ते मागून हळूच म्हणाले, जावईबापू, डावीकडे जायचंय. मी डावीकडेच वळत होतो, गाडीला उशिरा कळलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिसरा टाकला. पडला पहिला. गाडी किंचाळली आणि जागच्या जागी लटकली. सासऱ्यांचे हात खांद्यांवरून माझ्या गळ्याशी आले होते. थोड्या वेळाने त्यांनी ते परत खांद्यांवर नेले.

शेवटच्या चढापाशी ते म्हणाले की जरा पाय मोकळे करतो, तुम्ही व्हा पुढे. मी वर जाऊन थांबलो. ते चढ चालत आले. दम लागला होता. वारा छान आहे म्हणाले.

तलाव मात्र चांगला आहे. आम्ही कठड्यावर बसलो. ते पाण्याकडे बघत होते. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायची, परत आणायची. एवढ्याशा फटीतून सगळा तलाव बघायचा तर वेळ लागणारच. बराच वेळ गेला. मग म्हणाले, पलीकडच्या काठावर एक पांढरं घर होतं. मला नाही दिसत. आहे का? मला काही दिसलं नाही. झाडी होती नुसती. पण माणूस एवढ्या लांब आलाय. म्हटलं, आहे ना. छान दिसतंय.

ते म्हणाले, असं? गेल्या वर्षी पाडलं तेव्हा मी इथेच बसलो होतो.

मी म्हणालो, मग मी दुसरं बघत असेन. ते हो म्हणाले. दुसरं असेल.

परत निघताना मी किक मारली, पहिल्याच फटक्यात सुरू. हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, हातात फिरवलं, आणि मला परत दिलं. म्हणाले की गुडघे धरलेत, बस समोरच उभी आहे, तिने येतो. मी म्हणालो, गाडी आता गरम आहे, उलट परतीला आणखी छान चालेल. ते म्हणाले, गाडीचा प्रश्नच नाही. आणि बसमध्ये चढले. खिडकीची जागा मिळाली त्यांना. मला हात केला.

बसच्या मागोमाग राहायचं ठरवलं होतं. पहिल्या वळणावर बस दिसेनाशी झाली. त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा त्यांची अंघोळ, चहा सगळं झालं होतं.

पण गाडी एकदाही बंद पडली नाही. म्हणजे माझ्या चुकीने पडली ती सोडून. म्हणजे तीसुद्धा चूक म्हणता येणार नाही.

१० मार्च

ऑफिसात अकाउंट्सवाल्याला सांगितलं, काल मोठी राइड झाली, म्हाताऱ्या सासऱ्यांना मागे घेऊन. तो म्हणाला, वा, आणि आले का ते परत? त्याला तसं म्हणायचं नसावं.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. आधी आभार मानले. तलाव दिसला, मनात राहिलं असतं, म्हणाले. मग गाडीबद्दल. म्हणाले, "जावईबापू, गाडी तुम्ही फार छान ठेवलीत. तिच्यात काही म्हणजे काही बिघाड नाही."

मी हिला ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

माझ्या लग्नापासून या माणसाने मला एक शब्द वावगा म्हटलेला नाही. म्हणाले, "ऑपरेशन झालं की आपण परत जाऊ. दिसो न दिसो, वारा तर लागेल. तोवर तेवढं एक करा. कुणाकडून तरी चालवायला शिकून घ्या."

स्पीकर बंद करायचं बटण लवकर सापडत नाही या फोनमध्ये.

११ मार्च

बसने गेलो. निषेध म्हणून. कुणाचा ते ठरायचंय.

१२ मार्च

विचार केला. वाघीण उत्तम स्थितीत आहे, हे खुद्द सासऱ्यांनी सांगितलं. मेकॅनिकनेही सांगितलं, दोन वेळा. प्लग नवा, पेट्रोल शुद्ध, क्लच लोणी. चढ आणि सिग्नल सगळ्यांना तेच आहेत, आणि बाकीचे लोक त्यावरून जातात. मग राहिलं काय? इथपर्यंत आलो आणि विचार करणं थांबवलं.

ही मोटर ट्रेनिंग स्कूलचा नंबर घेऊन आली. दवाखान्यात मान आखडलेला एक पेशंट येतो, तोच तिथला मास्तर. मान कशाने आखडली ते विचारलं नाही. ती बाजूला बसली आणि म्हणाली, "बाबा तुला परत मागे बसवून ने म्हणतायत. एवढं होऊनही. कळतंय का तुला?"

कळतंय. फक्त सासऱ्यांच्या समाधानासाठी जाईन. मला त्यातून नवीन काही मिळेल असं नाही.

१५ मार्च, शनिवार

मास्तरांकडे गेलो. सुरुवातीलाच सांगून टाकलं की मला मूळ गोष्टी येतात, फक्त थोडं पॉलिश हवंय. त्यांनी मैदानाला एक फेरी मारायला सांगितली. मारली. वळसा जरा मोठा झाला, मैदानाबाहेरून. परत आलो तेव्हा ते मान चोळत होते. विचारलं, सायकल येते का? हा काय प्रश्न झाला? लहानपणी यायची. मग त्यांनी त्यांची सायकल दिली. पडलो नाही. टेकलो.

म्हणाले, सोमवारपासून सकाळी या. गाडी घरी ठेवा. पहिले काही दिवस सायकल, मग स्कूटर, मग बघू. आणि येताना सायकल आपली आपण आणा, ही मला लागते.

१६ मार्च, रविवार

सायकल मिळाली. मॅडमच्या नातीची. नात तिसरीत आहे, त्यामुळे सीट पार वर काढूनही गुडघे हँडलला लागतात. गुलाबी आहे. पुढे टोपली. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लहान आधाराची चाकं आहेत. मॅडम म्हणाल्या, काढून देऊ का?

म्हटलं, राहू द्या. घाई कशाला?